जुईची दाब

"मोठेबाबा, ती वेल आत्ता नको," प्रणोती फोनवर म्हणाली. "मम्मीजी म्हणून राहिल्या, बाळ होऊ दे, मग बघू."

शशिकांत अंगणातल्या नळाशी हाताची माती धूत होता. ओल्या हातानंच त्यानं फोन उचलला होता. "बरं," तो म्हणाला. कळलं नाही तरी आधी बरं म्हणायचं आणि मग विचार करायचा, ही त्याची कारखान्यातली सवय. थोडं थांबून त्यानं विचारलं, "कोणती वेल?"

"जुईची हो. मोठीआई माझ्यासाठी दाब घालून राहिली होती ना, विटेखाली. तुम्हाला नाही माहीत?"

"अच्छा, ती," शशिकांत म्हणाला. त्याला माहीत नव्हतं. बोलता बोलता त्याची नजर जुईवर गेली. सकाळीच त्यानं तिची एक फांदी सुतळीनं तारेला नीट सरळ बांधली होती. वीट नळाच्या बाजूला उभी करून ठेवली होती. तिची एक कड शेवाळानं हिरवी झालेली होती.

"तुम्ही रागावले तर नाही ना?" प्रणोतीनं विचारलं.

"काहून रागावू? तब्येत कशी आहे?"

तब्येत ठीक होती. पाय सुजत होते. पुढच्या महिन्यात डोहाळजेवण, मोठेबाबा यायचं बरं का, नाही कसं म्हणता, ठीक आहे, ठेवते. प्रणोती त्याच्या धाकट्या भावाची मुलगी. भाऊ नागपूरला. पोरगी केतनशी लग्न होऊन जबलपुरात आली तेव्हा शशिकांतच्या बायकोला, बेबीला, फार आनंद झाला होता. शहरात आता आपलं माणूस आहे, असं ती आल्यागेल्याला सांगायची, जणू इतकी वर्षं चेरीतालच्या या घरात ती परक्याच माणसाबरोबर राहत होती. शशिकांतनं एकदा तसं बोलून दाखवलं, तर म्हणाली, "तुम्ही आपले कुठे, तुम्ही तर नवरा आहात."

फोन ठेवून तो जुईपाशी गेला. सकाळी जे केलं ते त्यानं चांगलं म्हणून केलं होतं. घरमालक भय्यासाहेब आदल्या दिवशी सांगून गेले होते की पुढच्या आठवड्यात अंगणाची भिंत पडणार, तिथे गाडीसाठी मोठं फाटक बसणार, तेव्हा शशीभाऊ, तुमचं जे काही झाडपाल्याचं आहे ते आवरून घ्या. बेबी गेल्यापासून शशिकांत अंगणाकडे फिरकला नव्हता. पाणी घालायचा ते दारातून, बादलीनं, शिंपडल्यासारखं. सकाळी तो प्रथमच खाली वाकला. कुंड्या हलवल्या, सुकलेली पानं गोळा केली. जुईच्या बुडाशी ती वीट दिसली. विटेखालून एक फांदी जमिनीत शिरत होती आणि हातभर अंतरावर पुन्हा वर येत होती. वीट उचलली तर खाली लोखंडाचा आकडा. फांदी आकड्यानं मातीत दाबून ठेवलेली. कोणी कुणाची मान धरून खाली दाबावी तशी ती दिसली. शशिकांत जन्मभर शस्त्रांच्या सरकारी कारखान्यात फिटर होता. तिथे शिकाऊ असताना उस्तादांनी पहिल्या आठवड्यात जी गोष्ट शिकवली ती अशी, की भोंगा झाला की घरी जाण्याआधी लोखंड आवळून धरणारा शिकंजा सोडायचा. जॉब आवळलेला ठेवून जायचं नाही. दाबून धरलेलं लोखंडही थकतं, उस्ताद म्हणायचे, आणि रात्रभर थकलेलं लोखंड सकाळी तुम्हाला माप देत नाही. तीसपस्तीस वर्षं शशिकांतनं जाताना शिकंज्याची मूठ फिरवून तो सैल केला होता. निवृत्तीच्या दिवशी हार गळ्यात घालून लोक त्याला बाहेर नेत होते, तेव्हाही तो मधूनच परत फिरून मूठ फिरवून आला. तेच हात सकाळी इथे चालले. आकडा उपसला, फांदी धरून ओढली. शिवण उसवावी तसा बारीक आवाज झाला. वर आलेली माती त्यानं झटकली. फांदी तारेला बांधली. आकडा धुऊन, पुसून खिळ्यांच्या डब्यात टाकला. आपल्यापरीनं तो बेबीचं एक अर्धवट राहिलेलं काम आवरत होता.

आता त्यानं सुतळी सोडून फांदी हातात घेतली. जिथे ती वाकली होती तिथे सालीवर एक चीर होती, सुरीनं मुद्दाम दिलेली. चिरेच्या कडेनं बारीक पांढरे धागे फुटले होते. काही तुटले होते. जे उरले होते ते सकाळपासून उन्हात राहून टोकाला तपकिरी पडले होते. त्याला धक्का वगैरे बसला नाही. बेबी गेली त्या दिवसापासून त्याला तसलं काही होत नव्हतं. फक्त सकाळचा तो उसवल्याचा आवाज कानात पुन्हा आला, आणि त्याच्यामागोमाग एक इंग्रजी शब्द आला. प्रॉपगेट. शब्द बेबीच्या आवाजात आला. ती इंग्रजी शब्द म्हणताना वर्गात म्हटल्यासारखा तोडून म्हणायची.

बेबी कमानिया गेटजवळच्या एका मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. घरात तिचा एक जाडजूड शब्दकोश होता, उशीएवढा, त्यात प्रत्येक शब्द मूळचा कुठला ते दिलेलं. लग्नानंतरची काही वर्षं ते दोघं दवाखान्यांत हिंडले. डॉक्टरीणबाई इंग्रजीत बोलायच्या. शशिकांत भिंतीवरच्या तक्त्यांकडे बघत बसायचा. घरी आलं की बेबी साडीसुद्धा न बदलता कोश काढायची आणि त्या दिवशी कानावर पडलेला शब्द शोधायची. बाकीच्या बायका अशा वेळी पत्रिका काढायच्या, नवस बोलायच्या. बेबी चहा घेताना सांगायची, "कन्सीव्ह म्हणजे मुळात हातात नीट घेणं. धरणं. आपल्याकडेही गर्भ धरतोच की." दुसऱ्या खेपेला, "फर्टाइल म्हणजे जे वाहून आणतं ते. नदीसारखं." शशिकांतला यातलं काही कळायचं, काही नाही. एकदा तो वैतागून म्हणाला, "या शब्दांचं काय करून राहिलीस तू?" ती म्हणाली, "काही नाही. यांचे आईबाप सापडतात, तेवढंच." आणि मग थोड्या वेळानं, कपबशा उचलताना, "मराठीत बाईला दिवस जातात म्हणतात. मला बघा, दिवसच दिवस गेलेत." ती हसली म्हणून तोही हसला. नंतर दवाखाने थांबले. कधी थांबले ते त्याला नेमकं सांगता आलं नसतं. पुढची तारीख दोघांपैकी कुणी विचारली नाही, एवढंच.

प्रॉपगेट हा शब्दही डॉक्टरीणबाईंच्या तक्त्यावर होता. पण तो बेबीनं तेव्हा कोशात पाहिला नाही. बाकीचे सगळे पाहिले, हा राहू दिला. पुष्कळ वर्षांनी, तिचे केस पांढरे व्हायला लागले तेव्हा, दोघं कृषी विद्यापीठात फुलांचं प्रदर्शन बघायला गेले होते. शशिकांतला शेवंतीपेक्षा तिथल्या फवारणीच्या पंपात जास्त रस होता. तो पंप बघून परत आला तर बेबी एका टेबलापुढे उभी. टेबलावर काही नव्हतं, नुसत्या मातीच्या कुंड्या आणि त्यांत वाकवून खोचलेल्या फांद्या, आणि मागे पाटी. पाटीवर तोच शब्द. ती इतका वेळ उभी राहिली की टेबलामागचा पोऱ्या म्हणाला, "दीदी, कुछ समझाऊँ?" ती म्हणाली, नको. घरी आल्यावर कोश निघाला. पायरीवर बसून तिनं वाचलं आणि म्हणाली, "घ्या. हा शब्द दवाखान्याचा नाहीच मुळी. मी उगाच इतकी वर्षं त्याला घाबरून होते."

"मग कुणाचा?"

"माळ्यांचा. द्राक्षांच्या मळेवाल्यांचा. जुन्या रोमन लोकांचा. वेलीची फांदी वाकवायची, मातीत धरायची आणि खुंटी ठोकून पक्की करायची, ती पुढे जाऊन मूळ धरते. प्रो म्हणजे पुढे. आणि बाकीचा जो शब्द आहे तो ठोकून पक्कं करण्याचा. तुमच्यासारखं काम." तिनं बोट ओळीवरून पुढे नेलं. "मग वेलीवरून तो माणसांना लावला. मुलंबाळं, वंश. मग पाद्री लोकांनी धर्म पसरवायला घेतला. प्रोपगंडा त्यातनंच निघाला."

"तो निवडणुकीतला?"

"तोच. भाऊबंदच आहेत."

"प्रत्येक घरात एक निघतोच असा," शशिकांत म्हणाला, आणि बेबी कोश मांडीवर ठेवून मोठ्यानं हसली. शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी वाकून पाहिलं. हसू थांबल्यावर ती म्हणाली, "आधी वेल होती बघा. मूल नंतर आलं त्या शब्दात." ती हे फार समाधानानं म्हणाली. शशिकांतला तेव्हा वाटलं होतं, एका शब्दाला काय एवढं. त्या आठवड्यात तिनं त्याच्याकडून आकडे करून घेतले. वेल्डिंगच्या उरलेल्या सळया शिकंज्यात धरून त्यानं ते वाकवून दिले, टोकं घासून, हाताला लागू नयेत म्हणून. कशाला हवेत ते विचारलं नाही. त्याला वाटलं, नळाचा पाइप धरून ठेवायला.

तेव्हापासून चेरीतालच्या पुष्कळ घरांत या जुईच्या वेली गेल्या असतील. फुलं तर त्याच्याही आधीपासून जात होती. ओळखीच्या मराठी घरांत कुणाचं डोहाळजेवण असलं की फुलांचे दागिने बेबी करायची. बाजूबंद, कंबरपट्टा, वेणी. घरची जुई बहरात असली तर ती, नाहीतर बाजारातली फुलं आणून. तिच्यासारखे गजरे कुणाला जमत नाहीत, असं सगळ्या म्हणायच्या. मागच्या पडवीत ओल्या पंच्यावर फुलं पसरून ती बसायची. पुढच्या खोलीत ओटी भरायची वेळ आली की यजमानीणबाई दारात येऊन म्हणायच्या, बेबीताई, तुमचं चालू द्या, उठू नका. अगदी प्रेमानं म्हणायच्या. ती उठायची नाही. शशिकांत अंगणात पुरुषांत बसलेला असायचा, तिथून त्याला पडवी दिसायची. घरी येताना स्कूटरवर मागे बसून ती मसालेभाताबद्दल बोलायची.

आषाढात प्रणोती पेढे घेऊन आली होती. दोघी आत बोलत होत्या. जाताना अंगणात प्रणोती म्हणाली, "मोठीआई, माझ्या घरी एक लावून दे ना, तुझ्यासारखी," आणि बेबीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. हे त्याला आता आठवलं. तेव्हा तो पेपर वाचत होता. दुसऱ्या दिवशी बेबी इथेच उकिडवी बसली होती आणि त्यानं विचारलं होतं, काय करून राहिलीस उन्हात? "काम," ती म्हणाली होती. भाद्रपदात ती गेली. ओट्यापाशी उभी होती, कुकर लावलेला होता. शशिकांत आत आला तेव्हा शिट्ट्या होऊन गेल्या होत्या आणि भात करपला होता.

प्रणोतीच्या सासूबाई, इंदिराबाई, वाईट नव्हत्या. बेबीच्या तेराव्याला त्या सकाळपासून येऊन बसल्या होत्या, पोळ्या लाटल्या होत्या. पण सातव्या महिन्यातल्या सुनेच्या दारात कोणत्या बाईच्या हातचं रोप लावायचं, हे त्यांना ठरवायचं होतं, आणि त्यांनी ठरवलं. प्रणोती ते जितकं गोल करून सांगू शकत होती तितकं तिनं सांगितलं. शशिकांतला राग शोधूनही सापडला नाही. आधी फांदी जगते का ते पाहायला हवं होतं.

त्यानं डब्यातून आकडा काढला. चिरेपाशी ओली माती लावली, खड्डा मोकळा केला, फांदी पुन्हा वाकवली. ती आता सहज वाकत नव्हती. त्यानं दोन्ही अंगठ्यांनी, पत्रा वाकवताना द्यावा तसा थोडा थोडा जोर दिला. आकडा बसवला, माती लोटली, वीट ठेवली, शेवाळाची बाजू पहिल्यासारखी भिंतीकडे करून. मग तो भय्यासाहेबांकडे गेला.

"शशीभाऊ, तुम्हीही ना," भय्यासाहेब म्हणाले. ते व्हरांड्यात दाढी करत होते. "एका वेलीसाठी मी गवंडी थांबवू? उपटून कुंडीत लावून टाका."

"जुनी आहे. उपटली तर मरेल."

"तर मग नवी आणा की. नर्सरीत ढिगानं पडल्यात." त्यांनी आरशातून शशिकांतकडे पाहिलं, आणि काय दिसलं कोण जाणे, साबणाचा हात थांबला. "वहिनींची आहे का?"

"हो."

"चलो, ठीक आहे. दुसऱ्या बाजूची भिंत आधी घेतो. पण महिन्याच्या वर नाही हं. माझी गाडी रस्त्यावर उभी राहते आणि पोरं तिच्यावर बोटानं नावं लिहितात."

मग वाट पाहणं सुरू झालं. सकाळी पाणी घालायचं, बादलीनं नाही, तांब्यानं. वीट उचलून बघायची नाही. हे त्याला कुणी सांगायला नको होतं, जॉब दर घटकेला मोजत बसलं की बिघडतो. पण बाहेरून काहीच कळत नव्हतं. फांदीच्या वर आलेल्या टोकाची पानं आठवडाभर मलूल राहिली, दोन गळली, आणि मग ती ना सुधारली ना बिघडली. पलीकडची भिंत पडली. धूळ जुईवर बसली, ती त्यानं ओल्या फडक्यानं पुसली. त्या दिवसांत त्याच्या लक्षात आलं की तो स्वयंपाकघरात जेवायला लागला आहे. इतके महिने तो ताट घेऊन पुढच्या खोलीत बसत होता. एकदा त्यानं कोश काढून तो शब्द शोधायचा प्रयत्न केला. अक्षरं बारीक होती आणि पी च्या पानांना अंत नव्हता. शब्द सापडला, पण त्याच्याखालचं काही त्याला नीट लागलं नाही. एका ओळीच्या बाजूला पेन्सिलची बारीक खूण होती. ती कधीची कोण जाणे. त्यानं कोश मिटून जागेवर ठेवला. बेबीनं पायरीवर बसून सांगितलं होतं तेवढं त्याला पुरेसं होतं.

गवंड्यांनी पलीकडचं काम आटोपत आणलं, तेव्हा एके सकाळी त्याला टोकाशी नवं पान दिसलं. नखाएवढं, पोपटी. त्यानं वीट बाजूला केली, आकडा काढला आणि फांदी दोन बोटांत धरून अगदी हलकी ओढली. बोल्टला आटे बसले की नाही ते बघताना ओढतात तशी. आली नाही. खालून कुणीतरी धरलं होतं.

त्यानं प्रणोतीला फोन लावला. "वेल तयार आहे," तो म्हणाला.

"मोठेबाबा, मी पुन्हा विचारलं होतं. केतननेही विचारलं. मम्मीजी म्हणतात..."

"त्यांना सांग, मोठेबाबा नर्सरीतून एक जुई आणून देणार आहेत. डोहाळजेवणाची भेट."

"कोणत्या नर्सरीतून?"

"असते एक."

प्रणोतीच्या मागे कुणीतरी भांडी लावत होतं. मग ती हलक्या आवाजात म्हणाली, "मोठीआईचं नाव नाही सांगायचं?"

"नाही."

"ते मला बरं नाही वाटत."

"वेल जगायला जागा पाहिजे," शशिकांत म्हणाला. "नाव तुला माहीत आहेच ना." आपण फार बोललो असं वाटून त्यानं फोन ठेवला.

दुपारी तो स्कूटरवर नर्सरीत गेला आणि म्हणाला, "भैया, एक काळी पिशवी पाहिजे. रोपाची." माळी म्हणाला, "पौधा?" "पौधा आहे. नुसती थैली." माळ्यानं त्याच्याकडे जरा पाहिलं आणि ढिगातून एक पिशवी दिली. नवी कोरी होती. शशिकांतनं ती घरी आणून मातीत घोळली, बाहेरून ओला हात फिरवला, खाली तळाशी भोकं होतीच. मग त्यानं बेबीची कात्री घेतली. जुन्या वेलीच्या बाजूनं, मुळं धरलेल्या जागेच्या अलीकडे, फांदी कापायची होती. न कापता ती कुठेच जाऊ शकत नव्हती. कात्री लावून तो थोडा थांबला. अंगणात कुणी नव्हतं. गवंडी जेवायला गेले होते. त्यानं कापली. इतके महिने खाली वाकून राहिलेला मागचा तुकडा एकदम उसळला नाही. तो हळूहळू, बघता बघता, मातीपासून वर उचलला गेला आणि वीतभर उंचीवर येऊन थांबला. शशिकांत त्याच्याकडे बघत राहिला. मग मातीचा गड्डा न फुटू देता रोप उचलून त्यानं पिशवीत बसवलं.

त्याच संध्याकाळी इंदिराबाईंनी स्वतः दार उघडलं. डोहाळजेवण दोन दिवसांवर आलं होतं, घरात बायका, निवडायला घेतलेले तांदूळ, चिवड्याचा वास. "या या, शशिकांतजी," त्या म्हणाल्या, "केतन रिछाईला गेलाय, कारखान्यात. बसा." त्यांचं लक्ष पिशवीकडे गेलं. त्यांनी ती हातात घेतली, पानं उलटून पाहिली, खालून दाबून माती पाहिली. त्यांना झाडांतलं कळत होतं. प्रणोती आतल्या दाराला धरून उभी होती, पोटावर एक हात. ती शशिकांतकडे बघत नव्हती. पिशवीकडे बघत होती.

"लावूनच टाकू या, चांगल्या कामाला उशीर कशाला," इंदिराबाई म्हणाल्या. पदर खोचून त्या फाटकाशेजारी बसल्या, खुरप्यानं खड्डा केला, पिशवी फाडली आणि गड्डा दोन्ही हातांनी आत ठेवला. ठेवताना त्यांचे हात फार जपून चालले होते. माती लोटून त्यांनी तळव्यानं दाबली आणि प्रणोतीला हाक मारली, "ये, पहिलं पाणी तू घाल." प्रणोती सावकाश आली. तिला वाकता येत नव्हतं, म्हणून तिनं उभ्यानंच तांब्या तिरका केला, आणि पाणी संपल्यावरही तो तसाच धरून ठेवला.

"मुळं किती छान धरलीत हो," इंदिराबाई हात झटकत म्हणाल्या. "अशी रोपं आजकाल कुठे मिळतात. कुठल्या नर्सरीतून आणलीत? मला आणखी एक हवी, मागच्या दाराला."

"चेरीतालला होती," शशिकांत म्हणाला. "बंद झाली."

"अरे. चांगली असणार."

खिशात आकडा होता. सकाळी काढला तो तसाच राहिला होता. शशिकांतनं तो मुठीत धरला. टोकं अजून गुळगुळीत होती.

"हो," तो म्हणाला. "चांगली होती."